चिचगडचा फोर-के

‘बेटा, पडदा काळाच आहे. मधातच इंग्रजीत काहीतरी येऊन राहिलं आणि जाऊन राहिलं.’

‘काय येतंय बाबा? वाचा ना.’

थोडा वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज. मग बाबा म्हणाले, ‘थांब, तुझ्या आईला बोलावतो.’

आई सातवी शिकलेली. तिनं एकेक अक्षर लावत सांगितलं... एन, ओ, मग जागा सोडून एस, आय, जी... नो सिग्नल! हिंजवडीच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत हातात कॉफीचा मग धरून मी हसले. एवढंच ना? केबल नीट बसली नसेल. त्या वेळी माझ्या डोक्यात एवढाच विचार आला. वाचायला आईला का बोलवावं लागलं, हा प्रश्न पडायला मला आणखी तीन आठवडे लागले.

तर मंडळी, ही गोष्ट एका मॉनिटरची. सत्तावीस इंची, फोर-के, पातळ कडांचा, एकदम सॉलिड! मीच सेलमध्ये घेतला आणि थेट चिचगडला पाठवला. पुण्यात कुणी गाव विचारलं की मी आधी गोंदिया सांगते. समोरचा म्हणतो, ‘अच्छा, नागपूरजवळ!’ नागपूरहूनही पुढे हो. गोंदिया जिल्हा, देवरी तालुका, आणि देवरीहूनही आत. जंगल, तलाव, धानाच्या बांध्या आणि थोडं पुढे गेलं की छत्तीसगड. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. नोकरीला लागले तेव्हा जिल्हा भंडारा होता. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला, तरी बाबांच्या तोंडून अजूनही ‘भंडाऱ्याला काम होतं’ असं निघतं.

रिटायर झाल्यावर त्यांनी एक उद्योग काढला. आमच्या बोलीतले, झाडीबोलीतले शब्द जमवायचा. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीवर आयुष्यभर काम केलंय, बाबा त्यांना फार मानतात. पण त्यांचं म्हणणं, आपल्या गावातले, आपल्या घरातले शब्द आपणच लिहून ठेवायला हवेत. आमच्या बोलीत ळ चा र होतो. डोळा म्हणजे डोरा, काळा म्हणजे कारा. मी पुण्यात आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत हे सगळं जिभेवरून पुसून टाकलं. बाबांनी तेच वहीत उतरवायला घेतलं. मग वहीतून लॅपटॉपवर.

लॅपटॉप माझाच. २०१४ मध्ये कॉलेजात घेतलेला, नोकरी लागल्यावर घरी सोडलेला. विंडोज सेव्हन, त्यात एक जुना मराठी फॉन्ट आणि टाइपरायटरसारखा रेमिंग्टन कीबोर्ड. बाबांची बोटं तो कीबोर्ड ओळखतात. बटणांवरची अक्षरं कधीच पुसली गेलीत, त्यांना फरक पडत नाही. तुम्ही म्हणाल, नवीन लॅपटॉप का नाही घेऊन दिलास? घेतला असता हो! पण त्या जुन्या फॉन्टची गंमत अशी की तो युनिकोड नाही. आतून सगळी इंग्रजी अक्षरं, वरून मराठीचा सदरा घातलेला. फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की सदरा गायब आणि आत नुसता कचरा. मी एकदा कन्व्हर्टर लावून पाहिला होता. जोडाक्षरं तुटली, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला. ज्या शब्दकोशात एका अक्षरावर भांडण आहे, तिथं हे चालणार कसं? शिवाय बाबांचं ठाम मत, ‘चांगला चालून राहिला ना? मग कायले पाहिजे नवीन?’ विंडोज सेव्हनचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले, म्हणून मी त्याचं इंटरनेट तोडून टाकलं. तेव्हापासून तो लॅपटॉप म्हणजे घरातलं एक भांडंच. एका कामाचं, पण त्या कामात पक्कं.

मग डोळे बिघडले.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, वयानं येणारं आहे, पडद्याच्या मधल्या भागाची झीज. कडेचं दिसत राहतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच धूसर होतं. सरळ रेघ नागमोडी दिसते. बाबांच्या प्रकारात गेलेली नजर परत आणणारं औषध नाही, वाढतंय का ते बघत राहायचं. अक्षर मोठं करा, उजेड चांगला ठेवा, काळं-पांढरं ठळक ठेवा, असा सल्ला. ‘अक्षर मोठं करा’ एवढं ऐकलं आणि मी मोबाईल काढला. मुलगी इंजिनीअर, पगार बरा, सेल चालू. मोठं म्हणजे फोर-केच!

आता मला सांगा, आपल्यापैकी किती जण मॉनिटर घेताना आधी आपल्या लॅपटॉपची कुंडली बघतात? मीही बघितली नाही. लॅपटॉपला एचडीएमआयचं भोक आहे, मॉनिटरलाही आहे, केबल मध्ये लावली की लग्न लागलं. पण सारखं दिसणारं भोक सारखं नसतं. एचडीएमआयचं १.४ व्हर्जन २००९ चं आणि २.० व्हर्जन २०१३ चं. माझा लॅपटॉप २०१४ चा असला तरी आत १.४ च. नवीन गोष्ट बाजारात आल्यावर आपल्या बजेटच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचायला वर्षं जातात.

हिशोब साधा आहे. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनवर १३६६ गुणिले ७६८, म्हणजे १०,४९,०८८ ठिपके. फोर-केवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००. जवळजवळ आठपट! आणि हे ठिपके सेकंदाला साठ वेळा नव्यानं पाठवायचे, म्हणजे पन्नास कोटींच्या आसपास. १.४ च्या नळीतून सेकंदाला ३४ कोटींच्या वर जात नाहीत. तलाव कितीही भरलेला असो, पाट अरुंद असला की शेवटच्या बांधीत पाणी पोहोचत नाही. मग लॅपटॉप काय करतो? सेकंदाला साठऐवजी तीसच चित्रं पाठवतो. फोर-के दिसतो, पण तीस हर्ट्झवर. पिक्चर बघायला काही कळत नाही. माऊस हलवला की मात्र कळतं. बाण सरकत नाही, उड्या मारतो.

हे सगळं ज्ञान नंतरचं. त्या तीन आठवड्यांत मी रोज रात्री व्हिडिओ कॉलवर रिमोट इंजिनीअरिंग करत होते. ‘नो सिग्नल’ सुटलं, मॉनिटर दुसऱ्या पोर्टवर सिग्नल शोधत होता, आईनं मागचं बटण दाबत दाबत बरोबर पोर्ट लावला. मग चित्र आलं, पण अक्षरं मुंग्यांएवढी. ‘विंडोजचं बटण आणि पी दाबा बाबा.’ डुप्लिकेट निवडलं. आता अक्षरं मोठी, पण ओल्या कागदावर शाई फुटावी तशी. कारण दोन्ही पडद्यांवर एकच चित्र हवं असेल तर लहान पडद्याचं मोजमाप धरलं जातं, आणि ते दहा लाख ठिपके ८३ लाखांवर ताणले जातात. एकास पावणेतीन असला काहीतरी आडमाप हिशोब. मग एक्स्टेंड केलं. मग फाईल एका पडद्यावर आणि बाबा दुसऱ्या. नेटवर्क मध्येच जायचं. बाबा कधी चिडले नाहीत. फक्त चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणाले, ‘राहू दे बेटा. वहीचं पाहू नंतर.’

बाबांचं ‘नंतर’ मला माहितीये. आजी गेल्यावर तिच्या गोष्टी टेप करायच्या राहिल्या, तेव्हाही ते असंच म्हणाले होते. ‘पाहू नंतर.’

मी चार दिवसांची सुट्टी टाकली आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली. कोल्हापूरहून निघून पुण्यामार्गे थेट गोंदियापर्यंत जाणारी ही गाडी म्हणजे आमच्यासाठी अर्धं माहेरच. गोंदियाहून एस.टी., देवरीला दुसरी एस.टी. घरी पोहोचले तेव्हा मॉनिटर पेटीवर उभा होता, वरून आईच्या जुन्या लुगड्याचा पदर टाकलेला. धूळ बसू नये म्हणून! मागच्या दारातून येणारा उजेड सरळ त्याच्यावर. आणि समोर बाबा नेहमीसारखे लॅपटॉपच्या लहान पडद्याला नाक लावून. मान तिरकी केलेली, कडेच्या नजरेनं वाचायला.

व्हिडिओ कॉलवर ही मान कधी दिसली नव्हती. कॉलवर ते सरळ बसायचे.

‘वाचता येतं का बाबा यावर?’

‘येते ना. हळूहळू येते.’

मी काही बोलले नाही. पिशवीतून केबल काढली. पुण्याहून चांगली महागडी, ‘फोर-के साठ हर्ट्झ’ लिहिलेली आणली होती. लावली. तीसच हर्ट्झ. केबलनं भोक मोठं होत नाही, हे कळायला तेवढे पैसे गेले म्हणायचे.

पहिली रात्र मी हट्टानं फोर-केवरच घालवली. घेतलाय तर वापरायलाच हवा, हा आपला मध्यमवर्गीय बाणा. विंडोजमधून अक्षरं दुप्पट मोठी केली. नव्या प्रोग्रॅममध्ये झकास, पण मराठी टायपिंगचं ते जुनं सॉफ्टवेअर अशा गोष्टी ऐकतच नाही. खिडकीचे शब्द एकमेकांवर चढले, ‘सेव्ह’चं बटण अर्धं कापलं गेलं. आणि तो उड्या मारणारा बाण! तुम्हाआम्हाला तो नुसता कटकटीचा वाटतो. बाबांना तो सापडायचाच नाही. नजरेच्या मधोमध ढग असलेल्या माणसाला बाण शोधायचा असतो तो त्याच्या हालचालीवरून. तो सलग सरकला तर कडेच्या नजरेत येतो. इथून गायब आणि तिथून हजर झाला, तर संपलंच.

सकाळी चहा घेताना डोक्यात प्रकाश पडला. १९२० गुणिले १०८०! साधं फुल एचडी. मॉनिटर फोर-के असला म्हणून फोर-के चित्रच द्यायचं असं कुठं लिहिलंय? ३८४० म्हणजे १९२० ची बरोबर दुप्पट. २१६० म्हणजे १०८० ची बरोबर दुप्पट. चित्रातला एक ठिपका मॉनिटरच्या बरोबर चार ठिपक्यांवर बसतो. आडमाप ताणणं नाही. मॉनिटर कडा किंचित मऊ करतो, पण शाई फुटत नाही. आणि २०,७३,६०० ठिपके सेकंदाला साठ वेळा पाठवणं १.४ च्या नळीला अगदीच सोपं. लॅपटॉप स्वतःचा पडदा बंद करून फक्त मॉनिटरवर लावला, विंडोज सेव्हनमध्ये त्याला ‘प्रोजेक्टर ओन्ली’ म्हणतात. ते केलं आणि बाण पाण्यावरून सरकावा तसा सरकला.

ऑफिसात मला कुणी सांगितलं असतं की फोर-के मॉनिटर घेऊन फुल एचडीवर चालव, तर मी त्याला हसले असते. माझ्या डेस्कवर दोन मॉनिटर आहेत, आणि अक्षरं जितकी बारीक तितकं स्क्रीनवर जास्त मावतं, म्हणून मी ती बारीकच ठेवते. जास्त मावणं म्हणजे चांगलं, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की बाबांसाठी वस्तू घेतानाही मी माझ्यासाठीच घेतली. खरं तर चौथ्या भागाच्या ठिपक्यांवर काम भागत होतं. पैसे गेले, ठीक आहे. आकार तरी कामाला आला!

मग बाकीची कामं. मॉनिटर दाराकडून हलवून आतल्या भिंतीला. पार्श्वभूमी काळी, अक्षर पिवळं. बाण मोठा. विंडोजमध्ये एक छोटी सोय आहे, कंट्रोलचं बटण दाबलं की बाणाभोवती वर्तुळं उमटतात आणि तो कुठंय ते कळतं. एवढी वर्षं कॉम्प्युटर वापरून मी ती कधी चालू केली नव्हती. बाबांनी ती दिवसभरात शंभर वेळा दाबली असेल. लॅपटॉप समोरच, कीबोर्डपुरता, कारण बोटं तीच. अक्षरं एवढी मोठी केली की एका वेळी पडद्यावर आठ-नऊच ओळी मावतील. डाव्या रकान्यात शब्द, उजव्यात अर्थ.

बाबा मान सरळ ठेवून वाचायला लागले. अजूनही हळू. पण सरळ.

संध्याकाळी आई धान्य निवडायचं सूप घेऊन दारात येऊन बसली. तिथून पडदा सात-आठ फुटांवर. सुपातून नजर न काढता ती अधूनमधून वर बघत होती. मधेच थांबली.

‘हे का लिवलं तुमी? भारा म्हंजे कापून बांधीत पसरवलेला धान? भारा पसरतेत का कधी? भारा तं बांधतेत!’

बाबा म्हणाले, ‘कुठं आहे तसं?’

‘थे काय, पिवरं पिवरं लिवलं ना.’

मी बघितलं. खरंच तसं होतं. पसरवलेला धान म्हणजे कडपा. कडपा गोळा करून बांधला की भारा. भारे एकावर एक रचले की पुंजना. आणि पुंजनासमोर काय होतं? ‘कडपा गोळा करून बांधलेलं ओझं.’ भाऱ्याचा अर्थ! प्रत्येक अर्थ एक घर खाली घसरला होता.

बाबांची पद्धत अशी की वहीचं एक पान घ्यायचं, आधी सगळे शब्द टाइप करायचे आणि मग सगळे अर्थ. डोळ्यांना या रकान्यातून त्या रकान्यात उड्या नकोत म्हणून. कुठंतरी एक एंटर जास्त पडला, एक घर रिकामं सुटलं, आणि तिथून पुढे सगळी मिरवणूक एक पाऊल मागे. नाकाला लावलेल्या पडद्यावर एका वेळी एकच शब्द दिसत होता. शेजारी कोण बसलंय ते दिसतच नव्हतं.

‘कुठपासून?’ बाबांनी विचारलं. शाळेत चुकलेल्या पोराला विचारायचे त्या आवाजात, पण विचारत स्वतःलाच होते.

मी वर वर जायला लागले. आई सूप बाजूला ठेवून आत आली आणि पडद्यापाशी उभी राहून वाचायला लागली. रोवना... चूक. पऱ्हे... ‘न रोवता सरळ पेरलेला धान’... हे तर आवत्याचं! त्याच्या वर आवत्या, आणि समोरचं घर रिकामं. त्याच्या वर बांधी, आणि बांधीचा अर्थ बरोबर.

‘इथून,’ मी म्हटलं.

मोजलं. २४७ शब्द. फाईल या गोंधळासकट किती वेळा सेव्ह झाली असेल, कुणास ठाऊक. बाबा गप्प. मला भलतीच भीती वाटली की आता ते म्हणणार, पाहू नंतर. मी घाईघाईनं म्हटलं, एका मिनिटाचं काम आहे बाबा, रिकामं घर डिलीट करायचं, ‘शिफ्ट सेल्स अप’, सगळे अर्थ एक घर वर. केलंही. २४७ अर्थ एका झटक्यात आपापल्या शब्दासमोर.

‘बरोबर झाले कशावरून?’ बाबा.

‘वाचावं लागेल एकेक.’

बाबा आईकडे वळले. ‘तू आधी काहून नाही सांगितलं?’

‘आधी दिसत कुठं होतं? तुमी तं नाकाले लावून बसत होते!’

मग त्यांनी खुर्ची थोडी सरकवली. आईनं स्टूल ओढलं. आवत्यापासून सुरुवात झाली. ती मोठ्यानं शब्द वाचायची, अर्थ वाचायची, ‘हाव’ म्हणायची. बाबा एंटर दाबून पुढे. पंधरा-वीस ‘हाव’ नंतर एक ‘नाई’ आला. घर घसरल्याचा नाही, अर्थच चुकल्याचा. बाबांनी वाद घातला. ती म्हणाली, ‘रोवना मी केला का तुमी?’ बाबांनी दुरुस्त केलं. थोड्या वेळानं आणखी एक ‘नाई’. वहीत नसलेला एक शब्दही तिनं मधेच घातला. तो कुठल्या घरात टाकायचा यावर आणखी वाद.

माझी सुट्टी त्या दिवशी संपत होती. पिशवी भरलेली होती, देवरीच्या एस.टी.ची वेळही झाली होती. मी दारातून ‘निघते’ म्हटलं, कुणी ऐकलं नाही. आत बोडीवरून जुंपली होती. बोडी म्हणजे लहान तलाव की तलाव वेगळा आणि बोडी वेगळी. मी पिशवी खाली ठेवली, लीडला मेसेज टाकला की उद्याची सुट्टीही लागेल, आणि फाईलची एक कॉपी पेन ड्राइव्हवर घ्यायला आत गेले.